त्या ओळींवर शिवलेला खिसा

बॅगा आल्या तेव्हा मी घरी नव्हते. आईने त्या दारातच रचून घेतल्या आणि मला फोन केला, "तुझी समाजसेवा आलीय. उचल इथून. मला चपला सापडत नाहीयेत."

उल्हासनगर कॅम्प एकमधली आमची खोली म्हणजे पुढे खाट, मागे ओटा आणि मधे आईचं काम. आई जीन्सचे दोरे कापते. कारखान्यातून पॅन्टींचे गठ्ठे येतात, ती वाढलेले दोरे कात्रीने छाटते, गठ्ठे परत जातात. त्या निळ्या ढिगाशेजारी आता निळ्याच बॅगांचा ढीग. मी वरची उचलली. चेन सरकवून बघितली, पट्टे ओढले, तळाची शिवण दाबून बघितली. माल चांगला होता. खरंच आनंद झाला, कारण दानात काय काय येतं ते मी पाहिलंय. चेन गेलेल्या बॅगा, अर्ध्या लिहिलेल्या वह्या, दोन्ही डाव्या पायाचे बूट. लोक घर आवरतात आणि त्याला दान म्हणतात. ही मात्र नवी होती, दुकानात टांगलेली असते तशी.

मग मी ती फिरवली. पुढच्या बाजूला पांढऱ्या ठळक अक्षरांत दोन ओळी. वर दात्याच्या आईचं नाव आणि 'यांच्या स्मरणार्थ'. खाली 'अनाथ बालकांस सप्रेम भेट'.

"छान छापलंय," आई म्हणाली. "लांबून वाचता येतंय."

"तोच तर प्रॉब्लेम आहे ना!"

"अगं, मग ओरडतेस कोणावर? मी छापलं का?"

आमचा गट लहान आहे आणि आम्ही पत्रकं काढतो. शाळेची फी, नळाचं पाणी, फुटपाथवरचे खड्डे. त्या वर्षी आम्ही फॉस्टर केअरमधल्या मुलांसाठी शाळेचं सामान गोळा करायला घेतलं. ज्या मुलांना काही काळ स्वतःच्या घरी राहता येत नाही, त्यांना दुसरं कुटुंब आपल्या घरात ठेवून घेतं, ते फॉस्टर केअर. दत्तक नाही, वसतिगृह नाही. आईबाप असतात. आजारी असतात, कुठे अडकलेले असतात, पण असतात. अशा मुलाला अनाथ म्हणणं म्हणजे त्याच्या जिवंत आईला त्याच्या पाठीवर मारून टाकणं. आणि ते पुढच्या बेंचवरून मागच्या बेंचपर्यंत वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत.

माझ्या डोळ्यांपुढे एकच मुलगी होती. ती बदलापूरला कात्रपमध्ये एका काकूंच्या घरी राहायची. सहावीत. तिची आई बरेच महिने उपचार घेत होती, लांब, आणि कधी बरी होईल ते कोणी सांगत नव्हतं. आधीच्या शाळेत बाईंनी भर वर्गात म्हटलं होतं, "ज्यांना फुकट मिळणार आहे त्यांनी उभं राहा." ही उभी राहिली. एकटीच. त्यानंतर तिने त्या शाळेत पाऊल टाकलं नाही. पोट दुखतंय, डोकं दुखतंय, चप्पल तुटलीय. वर्ष गेलं.

आता नवीन शाळा होती आणि तिच्याकडे एक वाक्य तयार होतं. "मी काकूकडे राहते शिकायला." एवढंच. बदलापुरात निम्मी पोरं कोणा ना कोणाकडे शिकायला राहतात. आत्याकडे, मामाकडे. कोणी पुढे विचारत नाही. त्या वाक्यावर तिची शाळा उभी होती. मला तिने बजावलंच होतं, "ताई, तू शाळेत येऊ नको हां. तू मोठ्याने बोलतेस."

आणि मी तिला ही बॅग नेऊन देणार होते.

दाता म्हणजे आमच्या भागातले बॅगांचे होलसेल व्यापारी. सिंधी, साठीच्या पुढचे, मी त्यांना अंकल म्हणते. दुकानात गेले तर ते आधी चहा मागवतात आणि मग ऐकतात. मी चहा यायच्या आधीच सुरू केलं. एखाद्या मुलाची ओळख अशी जगजाहीर करायची नसते, ही मुलं अनाथ नाहीत, आणि दान देताय की शिक्का मारताय? पत्रकातली वाक्यं तोंडातून धडाधड निघाली.

अंकलनी शांतपणे बॅग मांडीवर घेतली आणि वरच्या ओळीवरून अंगठा फिरवला.

"ये देख. ये मेरी अम्मा का नाम है. घर के कागज पे पिताजी का नाम, दुकान पे पिताजी का नाम. अम्मा का नाम कहीं नहीं लिखा था. पहिल्यांदा लिहिला मी. तू बोलतेस, काढ?"

मी बोट खालच्या ओळीवर नेलं.

"नाव ठेवा ना अंकल. खालची ओळ काढा."

"तो नाम रखने का ना?"

"ठेवून पण... स्मरणार्थ म्हटलं की दान, हे दुसरीतलं पोरही ओळखतं."

"मग तू बोलतेस दोन्ही काढ! बेटा, तू बहुत तेज है, पर तेरे को समझ कम है." मग दुकानातल्या माणसाला म्हणाले, "इसकी चाय में शक्कर ज्यादा डाल. कुछ मीठा बोलेगी."

चहा पिऊन मी रागारागाने बाहेर पडले. शाळा सुरू व्हायला आठवडाही नव्हता. मी थिनर आणलं. कापडाच्या बोळ्याने एका बॅगेवरची अक्षरं घासली, तर पांढरा रंग विरघळून सगळीकडे पसरला आणि त्याच्या मधोमध अक्षरं तशीच. आधी ओळ होती, आता दूध सांडल्यासारखा डाग आणि त्यात ओळ. आईने खिडकी उघडली आणि साडीचा पदर नाकाला लावला.

"आता लांबून नाही, कल्याणहून वाचता येईल," ती म्हणाली.

मी बोळा फेकून दिला आणि भिंतीला टेकून बसले. बसले ती आईच्या ढिगावर. टोचलं म्हणून हात घातला, तर बाद केलेले खिसे होते. जीन्सच्या मागचे, पाचकोनी, पितळी बटण लावलेले. मापात बसले नाहीत म्हणून कारखान्याने फेकलेले. असे खिसे आमच्या घरात कायम पडलेले असतात, आई त्यांच्यात चमचे ठेवते. मी एक घेऊन त्या डागावर धरला. दोन्ही ओळी झाकल्या गेल्या.

"शिवणार कोण?" आईने विचारलं.

"तू."

"माझं मशीन साडीच्या फॉलचं आहे. बॅगेचं कापड बघितलंस का? सुई मोडेल."

सुया मोडल्या. आई प्रत्येक सुईमागे माझ्या एकेका मैत्रिणीचं लग्न कसं चांगलं झालं ते सांगत राहिली. पण खिसे बसले. आणि बॅग आता दानाची दिसत नव्हती, फॅशनची दिसत होती. अंकलना मी फोटो पाठवला आणि लिहिलं, 'नाव आत सुरक्षित आहे.' त्यांनी उत्तर दिलं नाही. दोन निळ्या खुणा फक्त.

सामानाबरोबर कार्डंही होती. अंबरनाथ पश्चिमेच्या एका सोसायटीतल्या मुलांनी हाताने बनवलेली. प्रत्येक कार्ड माझ्या नजरेखालून जाणार, असा मी गटात नियमच करून ठेवला होता. मी ती जमिनीवर पसरली आणि वाचायला लागले. 'देव तुझे आईबाबा होवो.' 'रडू नकोस, आम्ही आहोत.' एकात झाडाखाली मुलगा रडतोय आणि ढगातून हात येतोय. चमक्या मात्र भरपूर, माझ्या हातावर, खाटेवर, आईच्या पॅन्टींवर. आईला कारखान्याची बोलणी खावी लागणार ते वेगळंच.

मी सोसायटीतल्या मॅडमना फोन लावला.

"मुलांना काय सांगून बसवलं होतं?"

"हेच, की ज्यांना कोणी नाही अशा मुलांसाठी छान कार्ड बनवा. एवढी मनापासून बनवली हो त्यांनी! माझी मुलगी तर रडली."

"पुन्हा बसवा. सांगा की तुमच्याएवढ्याच एका मुलाला पहिल्यांदा लिहिताय. देव नको, रडणं नको. जे शेजारच्या बेंचवर बोलता ते लिहा."

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला कोणी काही दिलं तर 'थँक यू' म्हणायची पद्धत नाही का?"

फोन मी ठेवला की त्यांनी, ते आता आठवत नाही. पण कार्डं परत आली, पातळ आणि बिनचमकीची. बरीचशी कंटाळवाणी. 'मला क्रिकेट आवडते. तुला क्रिकेट आवडते का?' त्यात एक होतं. हिरव्या खडूने एक पक्षी काढलेला आणि खाली लिहिलेलं: 'हा पोपट आहे, कोंबडी नाही. आमच्या वर्गातला पंखा फार आवाज करतो म्हणून बाई काय बोलतात ते मागे ऐकू येत नाही. मला भागाकार आवडत नाही. तुला?' मी ते बाजूला काढलं आणि कात्रपच्या बॅगेच्या खिशात घातलं. बटण लावलं.

कात्रपच्या काकू आगरी. त्यांचं माहेर इथल्याच एका गावातलं, जिथे आता इमारती आहेत. त्यांनी मला दारातच हटकलं, "ये गो, ये. आज कोनाशी भांडून आलीस?" मुलगी आतून आली, बॅग घेतली, उलटीपालटी केली. खिशाचं बटण उघडून बंद केलं. कार्ड काढलं, "अंबरनाथच्या एका मुलीने लिहिलंय," असं मी सांगेपर्यंत वाचलंही आणि नाकातून हसली.

"कोंबडीच आहे," ती म्हणाली.

मी खूश. मग तिने बॅग मांडीवर उभी धरून विचारलं, "सगळ्यांना असाच खिसा?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू ज्यांना ज्यांना देणार, त्या सगळ्यांना हाच खिसा लावलायस?"

"हो. का?"

"मग तेच झालं ना, ताई. आमच्या शाळेत अजून दोन पोरं आहेत तुझ्या यादीतली. त्यातल्या एकाबद्दल सगळ्यांना माहितेय. त्याच्याकडे ही बॅग, माझ्याकडे ही बॅग. बाजारात अशी कोणाकडेच नाही." ती बॅग तिने खुंटीला टांगली. नीट टांगली, आदळली नाही. "छान आहे. घरी ठेवते."

काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. "तिना काय खोटं बोललं नाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आनि मना भीती वाटते. परत पोटात दुखायला लागलं तं?"

शाळा सुरू झाली आणि ती गेली, काकूंची भाजीची कापडी पिशवी खांद्याला लावून. पहिले दोन दिवस गेली. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला की पोरीला कोणीतरी विचारलं, तुझ्याकडे बॅग का नाही? गरीब आहेस का? आज ती उठायला वेळ लावतेय.

मला घरात बसवेना. उठत होते, बसत होते. आई म्हणाली, "फिरू नकोस, धूळ उडते." कुठेतरी कोणाला तरी जाब विचारायला हवा होता आणि समोर कोणीच नव्हतं. बॅग दिली तर ओळखली जाणार, नाही दिली तरी ओळखली जाणार. असल्या गोष्टीवर पत्रक काय काढणार? कोणाविरुद्ध? म्हणून मी पुन्हा अंकलच्या दुकानाकडे निघाले. तिथे निदान भांडता येत होतं. साध्या, वेगवेगळ्या रंगांच्या बॅगा मागून घ्यायच्या, नाही दिल्या तर तिथेच बसून राहायचं, असं ठरवून.

दुकानासमोर पोचले आणि पाय थांबले. बाहेरच्या दांडीला बॅगा लटकत होत्या. निळ्या, लाल, काळ्या. प्रत्येकीवर जीन्सचा पाचकोनी खिसा, पितळी बटण.

"अंकल! हे काय?"

"आओ आओ, तेज लडकी." ते एवढे खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "तूने फोटो भेजा, मेरे भतीजे ने देखा. बोला चाचा, ये तो चलेगा. खिसे कारखान्यात फुकट पडतात. माल बाहेर टांगला, दो दिन में आधा साफ. बदलापूर से, अंबरनाथ से दुकानवाले ले के गए."

माझं डोकं सटकलं. "ज्या मुलांसाठी बनवलं त्यांना ते घेऊन शाळेत जाता येत नाहीये आणि तुम्ही त्याचा धंदा केला? लाज..."

आणि तिथे मी थांबले. तोंड उघडं राहिलं असावं, कारण अंकल म्हणाले, "क्या हुआ? शक्कर मंगाऊँ?"

बदलापूरवाले घेऊन गेले, असं ते म्हणाले होते.

"अंकल, बदलापूरला अजून पाठवा," मी म्हटलं. "कात्रपच्या दुकानांत. निळ्याच पाठवा."

"अब धंदा सिखाएगी?"

मग मी त्यांना सांगितलं. ओरडून नाही. मुलीचं नाव न घेता, फक्त खुंटी आणि भाजीची पिशवी सांगितली. ते ऐकत असताना हातातली बॅग खालीवर करत होते. तेव्हा माझं लक्ष खिशाच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे एक बारीक विणलेलं लेबल शिवलं होतं, जीन्सवर कंपनीचं असतं तसं. त्यावर त्यांच्या आईचं नाव होतं. स्मरणार्थ नाही, कैलासवासी नाही. नुसतं नाव.

"अब अम्मा ब्रँड है," अंकल म्हणाले. "मंदिराच्या पंख्यावर लिहिलं असतं तर वर कोण बघणार? तूने ठीक किया, छुपा दिया. गलत जगह था." मग त्यांनी गल्ल्याशेजारच्या डब्यातून मूठभर लेबलं काढून माझ्या हातात दिली. "तुझ्या बॅगांना लाव. नाहीतर लोक बोलतील, डुप्लिकेट है."

मी त्यांना थँक यू म्हटलं. ते दचकले.

लेबल घेऊन मी त्याच दिवशी कात्रपला गेले. काकूंनी सुईदोरा काढला आणि बॅगेच्या खिशाला ते हाताने टाचलं. मुलगी बघत उभी होती. हात लावत नव्हती.

"बाजारात जाऊन बघ," मी तिला म्हटलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वतः बघून ये."

ती गेली नाही. पण पुढच्या आठवड्यात कात्रपच्या दुकानांत तो माल आला. मग तिच्या वर्गातल्या एका मुलीकडे तशी बॅग आली, लाल. मग निळी. मग शेजारच्या इमारतीतल्या पोराने काळ्या बॅगेसाठी आईचं डोकं खाल्लं. काकू फोनवर सगळं सांगायच्या, "आज जिन्यात दोन दिसल्या गो." मी स्वतः बदलापूरला कामासाठी गेले की पोरांच्या पाठींकडे बघत चालायचे. लोकांना वाटत असेल, ही मुलगी सगळ्यांच्या दप्तरांकडे काय बघते?

आणि एका सोमवारी खुंटी रिकामी झाली.

इथे मी निवांत व्हायला हवं होतं. नाही झाले. त्याच आठवड्यात संध्याकाळी काकूंच्या फोनवरून मुलीचाच आवाज आला, घाबरलेला, भराभर. "ताई, बॅग बदली झाली. कोणीतरी माझी नेली, तिची माझ्याकडे आलीये. सेम निळी. आता ती खिसा उघडणार. आणि खिसा उसवला तर खालचं दिसणार."

"खिसा कशाला उसवेल कोणी?"

"तुझ्या आईने कसा शिवलाय ते मी बघितलंय!"

मी तिला धीर दिला आणि स्वतः मात्र कार्डातला शब्द न् शब्द आठवत बसले. पोपट, कोंबडी, पंखा, भागाकार. दुसरं काही होतं का? मागे काही लिहिलं होतं का? सोसायटीचं नाव, गटाचा शिक्का? आमचा गट सगळ्यावर शिक्का मारतो. मी मारला होता की नाही? आठवेना. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधीच मी कात्रपला काकूंच्या दारात जाऊन बसले. शाळेत गेले नाही, तेवढं पाळलं. काकूंनी पुढ्यात तांदळाची भाकरी ठेवली. मी तिचे तुकडे करत राहिले, तसं त्या म्हणाल्या, "खा नायतर ठेव. तिचा चुरा नको करू."

ती आली. पाठीवर निळी बॅग. चप्पल काढली, पाणी प्यायली, आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघतोय हे बघून मुद्दाम आणखी अर्धा पेला प्यायली.

"मिळाली?" मी विचारलं.

"पाठीवर काय आहे मग?"

"खिसा?"

"आहे तसाच. तिने कार्ड वाचलं." तिने बॅग खाली ठेवली. "सगळ्यांसमोर विचारलं, हे कोणाचं गं? आणि हा पोपट आहे की कोंबडी?"

"मग?"

"मग काय? मी बोलले, लिहिलंय ना खाली, वाच. माझी मैत्रीण आहे, अंबरनाथला. तर ती बोलली, तिला चित्र येत नाही. मी बोलले, हो, अजिबात येत नाही. मग बाई आल्या."

एवढंच झालं होतं. मी भाकरीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला.

काकूंनी बॅग उचलून खुंटीला लावली. "कुठली गो मैत्रीन? मना कधी नाय बोललीस."

"आहे एक," मुलगी म्हणाली आणि वहीच्या मधलं पान काढून जमिनीवर पालथी पडली. पंधरा मिनिटं खडूंचा आवाज. मी मान पुढे केली की ती हाताने कागद झाकायची. शेवटी तिने कार्डाची घडी घातली, काकूंकडून सुई मागितली आणि कडेने दोऱ्याचे मोठे मोठे टाके घालून ते शिवून टाकलं.

"हे तिला दे. भागाकाराचं सांगितलंय. आणि ताई, तू वाचायचं नाही."

"अगं, सगळी कार्डं आधी मी..."

"नाही म्हणजे नाही."

मी ते कार्ड अंबरनाथच्या मॅडमच्या हातात दिलं. त्यांनी टाके बघितले, मग माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तपासलं नाही?"

"नाही."

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

खरं सांगायचं तर नव्हतं वाटत. आत काय आहे ते अजूनही मला माहीत नाही. मधेच कधीतरी हात शिवशिवतात. भागाकाराचं नक्की काय सांगितलं असेल तिने?